२४ सप्टेंबरच्या रात्री निघालेला माणूस रहिवासी की अनिवासी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात माझी कुठे चूक झाली असेल, तर ती तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही कोपरखैरण्याला राहता. तुमचे यजमान २४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अबू धाबीला नोकरीसाठी निघाले. फेब्रुवारीत सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली म्हणून ते १० तारखेला आले आणि १४ तारखेला परत गेले. तिथल्या कंपनीने त्यांना सांगितले की रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी मिळाले, म्हणजे तुम्ही एनआरआय झालात. इथल्या बँकेनेही त्यांचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचे इथल्या उत्पन्नासाठीचे खाते, करून दिले. म्हणून २०२५-२६ चे विवरणपत्र अनिवासी म्हणून भरावे आणि तिकडच्या पगाराचा त्यात उल्लेख करू नये, हे बरोबर आहे का, असे तुम्ही विचारले आहे. गणपतीला ते आले तर किती दिवस राहू शकतील आणि घणसोलीच्या फ्लॅटच्या भाड्याचे काय करायचे, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

ठाण्यात नौपाड्यात मी बावीस वर्षे प्रॅक्टिस करतो आणि आखातात गेलेल्या व जहाजावर नोकरी करणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची विवरणपत्रे माझ्याकडून जातात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे प्रकरण दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि बँकेचे एनआरओ खाते या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा, कारण प्राप्तिकराच्या दृष्टीने त्यांतली एकही निर्णायक नाही. प्राप्तिकर कायदा मुख्यतः एवढेच विचारतो की १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात तो माणूस प्रत्यक्ष भारतात किती दिवस होता. हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो, त्यामुळे एकदा एनआरआय झालो की कायमचे झालो, असे होत नाही.

साधा नियम असा आहे. वर्षात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस भारतात राहिलेला माणूस रहिवासी ठरतो. त्याशिवाय वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिला असेल, तरीही तो रहिवासी ठरतो. आजवर इथेच राहिलेल्या माणसाला ही दुसरी अट सहज लागू होते, म्हणून नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला कायद्याने सवलत दिली आहे. ज्या वर्षी तो नोकरीसाठी जातो, त्या वर्षी ६० च्या जागी १८२ दिवस धरले जातात. या सवलतीसाठी जाण्याचे कारण नोकरी हेच असायला हवे. यजमानांना ऑगस्टमध्येच नियुक्तिपत्र मिळाले होते आणि ते नोकरीच्या प्रवेशपरवान्यावर गेले, असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा ही बाजू भक्कम आहे. नियुक्तिपत्र आणि त्या परवान्याची प्रत मात्र जपून ठेवा. आधी पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे नोकरी शोधणाऱ्यांना नेमका याच मुद्द्यावर त्रास होतो.

आता दिवस मोजू. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ३१ मिळून १५३ होतात. त्यात सप्टेंबरचे २४ मिळवले की १७७ होतात. यजमान फेब्रुवारीत आले नसते, तर बेरीज इथेच थांबली असती आणि ते निर्विवाद अनिवासी ठरले असते. पण १८२ दिवस सलग असावे लागत नाहीत. देश सोडून गेल्यावर त्याच वर्षी मध्येच केलेली फेरीही त्यात मोजली जाते. १० ते १४ फेब्रुवारी हे पाच दिवस मिळवल्यावर बेरीज बरोबर १८२ येते. कायद्यात शब्द आहेत ‘१८२ दिवस किंवा अधिक’, म्हणजे या मोजणीने तुमचे यजमान २०२५-२६ साठी रहिवासी ठरतात. वडिलांच्या आजारपणासाठी आलो होतो, हे कारण इथे उपयोगी पडत नाही. ज्याचा पासपोर्ट सरकारनेच काढून घेतला होता, त्याचे सक्तीचे दिवस मोजू नयेत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटले आहे. कोविडच्या वेळी अडकून पडलेल्यांसाठीही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे २०२० मध्ये परिपत्रक काढले होते. पण आपल्या इच्छेने, कितीही कळकळीच्या कारणासाठी केलेली फेरी त्या प्रकारात बसत नाही.

त्या एका दिवसाने काय फरक पडतो, ते आकड्यांत पाहा. सप्टेंबरपर्यंतचा इथला पगार ८ लाख आणि तिकडे महिना १५,००० दिरहम, असे तुम्ही कळवले आहे. दिरहमचा भाव ढोबळमानाने २४ रुपये धरला, तर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचे साधारण २१ लाख ६० हजार होतात. भाडे आणि व्याज बाजूला ठेवून नव्या करप्रणालीने हिशेब केला, तर अनिवासी म्हणून फक्त इथल्या पगारावर, ७५,००० ची प्रमाणित वजावट घेऊन, सेससह सुमारे १७,००० रुपये कर येतो. रहिवासी म्हणून दोन्ही पगार एकत्र केले, तर तोच कर सुमारे ४ लाख ६३ हजारांवर जातो. अमिरातीत पगारावर प्राप्तिकरच नाही, त्यामुळे तिथे भरलेल्या कराचे श्रेय घेऊन इथला कर कमी करण्याचा मार्गही उरत नाही. भारत-अमिराती दुहेरी करटाळणी कराराचा आधार घ्यायचा म्हटले, तर त्या करारानुसार व्यक्तीने त्या कॅलेंडर वर्षात किमान १८३ दिवस अमिरातीत राहिलेले असावे लागते. २०२५ मध्ये यजमान तिथे शंभर दिवससुद्धा नव्हते, म्हणून निदान डिसेंबरपर्यंतच्या पगारासाठी त्या वाटेने जाता येणार नाही.

म्हणजे साडेचार लाखांच्या आसपासची रक्कम एका दिवसावर लोंबकळते आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा हाच आहे, आणि तुम्ही लिहिलेला ‘रात्री’ हा शब्द त्यात सर्वांत महत्त्वाचा आहे.

आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस मोजायचा की नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. नव्वदच्या दशकात अग्रिम निर्णय प्राधिकरणाने दोन्ही दिवस मोजावेत, अर्धवट दिवसही दिवसच आहे, अशी भूमिका घेतली होती. नंतर प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर आणि मुंबई इथल्या खंडपीठांनी काही प्रकरणांत भारतात पोहोचल्याचा दिवस वगळला. जो काळ एखाद्या दिवसापासून मोजायचा, त्यातला पहिला दिवस सोडायचा, हे सर्वसाधारण तत्त्व त्यामागे होते. ते तत्त्व लावले तर १० फेब्रुवारी गळतो, फेरीचे चारच दिवस उरतात आणि बेरीज १८१ होते. मग यजमान अनिवासी ठरतात.

पण हे सगळे २४ सप्टेंबर हा भारतातला शेवटचा दिवस असेल तरच. आखाताकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. माणूस संध्याकाळी जेवून घरातून निघतो, गाडी २४ तारखेलाच ऐरोली पुलावरून जाते, पासपोर्टवर रात्री अकरा-साडेअकराला शिक्का पडतो आणि विमान सुटते २५ तारखेला पहाटे. घरच्यांच्या आठवणीत तारीख २४ राहते, बोर्डिंग पासवर मात्र २५ छापलेली असते. एका अशीलाचा पासपोर्ट मी दिव्याखाली धरून अर्धा तास पाहिला होता. शिक्क्याची जांभळी शाई शेजारच्या पानावर उमटली होती आणि तारखेतला दुसरा आकडा ३ की ८ ते कळत नव्हते. शेवटी त्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडलेल्या तिकिटाने प्रश्न सुटला. आता जलद इमिग्रेशनच्या स्वयंचलित दारातून जाणाऱ्यांच्या पासपोर्टवर शिक्काही पडत नाही, म्हणून तिकीट आणि बोर्डिंग पास यांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

म्हणून आज रात्रीच यजमानांना फोन करून पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो मागवा, आणि २४-२५ सप्टेंबरचे तिकीट व बोर्डिंग पास शोधायला सांगा. विमान मध्यरात्रीच्या आत सुटले असेल, तर अनिवासी म्हणून विवरणपत्र भरण्याला बऱ्यापैकी आधार आहे आणि मी ती भूमिका घेऊ शकेन. तरीही नोटीस येण्याची शक्यता गृहीत धरावी लागेल, आणि त्यांचे मन ती लढवण्याइतके घट्ट आहे का, हे आधी विचारीन. मध्यरात्रीनंतर सुटले असेल, तर २५ तारखेलाही ते काही वेळ भारताच्या भूमीवर होते. मग पहिला टप्पा १७८ दिवसांचा होतो, आणि १० फेब्रुवारी वगळूनही बेरीज १८२ भरते. अशा वेळी शिक्का २४ चा आहे म्हणून २५ सोडा आणि न्यायाधिकरणाचे निर्णय आहेत म्हणून १० फेब्रुवारीही सोडा, असे दोन युक्तिवाद एकावर एक रचावे लागतात. त्यांतला एक जरी कोसळला, तरी सगळा इमला खाली येतो. तिथे मी अशीलाला रहिवासी म्हणूनच भरायला सांगतो. दुसरा एखादा सल्लागार याहून धाडसी मत देईल आणि ते चुकीचेच असेल असे नाही. पण कर वाचवण्यासाठी घेतलेली भूमिका अमान्य झाली, तर करावर व्याज येते आणि कमी दाखवलेल्या उत्पन्नाच्या कराच्या ५० टक्के दंडाचाही प्रश्न उभा राहतो. सगळी कागदपत्रे समोर ठेवून प्रामाणिकपणे घेतलेल्या भूमिकेला त्या दंडातून सुटण्याची वाट आहे. माहिती दडवणाऱ्याला ती नाही.

अनिवासी म्हणून भरायचे ठरले, तर आयटीआर-२ या विवरणपत्राच्या नमुन्यात त्या वर्षी आणि आधीच्या चार वर्षांत भारतात किती दिवस होता, हे आकड्यात विचारलेले असते. तिथे अंदाजाने काही लिहू नका. दिवसांचा तक्ता करा, त्याला तिकिटे जोडा आणि तो कागद निदान सात-आठ वर्षे सांभाळा.

रहिवासी म्हणून भरायचे असेल, तर कामे जास्त आहेत. तिकडचा पगार रुपयांत आणताना मनातला भाव चालत नाही. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक ज्या भावाने परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यावा लागतो. म्हणजे नोव्हेंबरच्या पगाराला ३१ ऑक्टोबरचा दर लागतो. या पगारावर टीडीएस झालेला नाही आणि आगाऊ करही भरलेला नाही, म्हणून दरमहा १ टक्का दराने व्याज लागेल. ते वाढू नये म्हणून ३१ जुलैची वाट न पाहता कर लवकर भरा. दुसरे म्हणजे, आजवर इथेच राहिलेला माणूस रहिवासी ठरला की तो पूर्ण रहिवासी ठरतो आणि परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट त्याला भरावेच लागते. अबू धाबीचे पगाराचे खाते, त्यात पाच हजार दिरहम असोत की पन्नास हजार, तिथे दाखवायचे. या परिशिष्टासाठी ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपलेले कॅलेंडर वर्ष धरतात. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात न दाखवलेल्या परदेशी मालमत्तेला १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली आहे, पण माहिती देण्याची जबाबदारी तशीच आहे.

मग बँकेने खाते एनआरओ केले ते चूक का? चूक नाही, आणि नेमका इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. बँक चालते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे. त्या कायद्यात नोकरीसाठी देश सोडणारा माणूस निघाला त्या दिवसापासून अनिवासी होतो, तिथे १८२ दिवस मोजत बसावे लागत नाही. त्यामुळे एकच माणूस एकाच महिन्यात फेमाखाली अनिवासी आणि प्राप्तिकराखाली रहिवासी असू शकतो. यजमानांनी पुढे एनआरई खाते, म्हणजे परदेशातली कमाई इथे ठेवण्याचे अनिवासी खाते, उघडून तिथून पैसे पाठवले, तर त्यावरील व्याजाची करमाफी फेमाच्या व्याख्येशी बांधलेली आहे. म्हणून ते व्याज २०२५-२६ मध्येही करमुक्तच राहते. एनआरओ खात्यावरचे व्याज मात्र दोन्ही स्थितींत करपात्र आहे.

आणखी एक खबरदारी. पगार आधी अबू धाबीच्या खात्यात जमा होऊ दे आणि मग घरी येऊ दे. अनिवासी माणसाचाही भारतात प्रथम हातात पडलेला पगार इथे करपात्र ठरू शकतो. जहाजावरच्या नोकरदारांना एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने यात दिलासा मिळाला आहे. त्यांचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून इथे धरला जात नाही. ते परिपत्रक जहाजावरील नोकरांपुरतेच आहे, जमिनीवरच्या नोकरीला लागू नाही. नेरुळ-बेलापूर भागातल्या जहाजावरच्या अशिलांकडून ऐकून शेजारीही तसेच करू लागतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

घणसोलीच्या फ्लॅटबद्दल थोडक्यात सांगतो. मालक अनिवासी असेल, तर भाडेकरूने प्रत्येक भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, मग भाडे कितीही कमी असो. त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो. २०२६-२७ मध्ये यजमान बहुधा अनिवासीच राहतील, तेव्हा भाडेकरूला हे आत्ताच लेखी कळवा आणि करार नवा करताना त्यात तसे कलम घाला. कापलेली रक्कम प्रत्यक्ष करापेक्षा जास्त असेल, तर विवरणपत्र भरून परत मिळते. दरवर्षी एवढे पैसे अडकू नयेत असे वाटत असेल, तर कमी दराने कपातीचा दाखला आधीच मागता येतो.

आता पुढचे वर्ष. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे आणि त्यात ‘कर वर्ष’ असा शब्द आला आहे. दिवसांच्या मर्यादा मात्र त्याच आहेत. परदेशात राहणारा भारतीय नागरिक भेटीला येतो, तेव्हा त्याला १८१ दिवसांपर्यंत राहता येते. त्याचे परदेशी उत्पन्न सोडून इतर करपात्र उत्पन्न १५ लाखांच्या वर गेले, तर ही मर्यादा ११९ दिवसांवर येते. अमिरातीचा पगार या १५ लाखांत धरत नाहीत. भाडे आणि ठेवींचे व्याज मिळून तुमचे उत्पन्न त्याच्या जवळपासही नाही. पण घणसोलीचा फ्लॅट विकण्याचा विचार केलात, तर त्यावरचा भांडवली नफा यात मिळतो आणि एका वर्षात १५ लाखांची रेघ ओलांडली जाऊ शकते. ती रेघ ओलांडली, तर जिथे प्राप्तिकरच नाही अशा देशात राहणारा भारतीय नागरिक त्या वर्षी एक दिवसही इथे न येता रहिवासी मानला जातो. हे ऐकून अशील घाबरतात, पण त्यात एक मोठा दिलासा आहे. असा माणूस, किंवा १२० दिवसांच्या अटीत अडकलेला माणूस, ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ ठरतो. त्याच्या तिकडच्या नोकरीच्या पगारावर इथे कर लागत नाही, फक्त इथून चालवलेल्या धंद्याचे परदेशी उत्पन्न धरले जाते. तरीही फ्लॅट विकायचा असेल, तर व्यवहार ठरवण्याआधी ते वर्ष आणि दिवस एकत्र बसून पाहू.

गणपतीचे विचारले होतेत. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. १ एप्रिलपासूनचे त्यांचे खाते कोरे आहे आणि त्यात १८१ दिवस आहेत, तेव्हा सासऱ्यांच्या तपासणीसाठी आणि गणपतीसाठी मिळून महिना-दीड महिना राहिले तरी चिंता नाही. घरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या येण्याच्या आणि जाण्याच्या तारखांना गोल करा, दोन्ही दिवस मोजा, आणि परतीच्या तिकिटाचा फोटो त्याच दिवशी एका ठिकाणी ठेवा. विमान मध्यरात्रीनंतरचे असेल, तर गोल पुढच्या तारखेला करा. सप्टेंबरच्या बोर्डिंग पासवर कोणती तारीख आहे ते आधी कळवा, म्हणजे गेल्या वर्षाच्या विवरणपत्राचे नक्की सांगता येईल.